क्रोन्सचं ऑपरेशन: आज, सहा आठवड्यांनी, की इंजेक्शनवर भागेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ २८ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी पोटदुखी, बारीक ताप आणि वजन घटणं यावरून आतड्याचा टीबी समजून नऊ महिने औषधं दिली, फरक पडला नाही, मग क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या दीर्घ आजाराचं, निदान झालं. गेले पाच महिने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे, सध्या रोज ३० मिलिग्रॅम. वजन ६२ किलोवरून ४९, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.६. परवाच्या सिटी स्कॅनमध्ये लहान आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटीमीटर भाग जाड आणि अरुंद दिसतो, त्याच्या मागचं आतडं फुगलेलं आहे आणि शेजारी ५ सेंटीमीटरचं गळू आहे. जवळचे सर्जन म्हणतात उद्याच पोट उघडू. शहरातले म्हणतात पू काढू आणि सहा आठवडे थांबू. पोटविकारतज्ज्ञ बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल बोलतात. घरात मात्र चर्चा तीनच गोष्टींची: पिशवी लागेल, एकदा कापलं की पुन्हा पुन्हा कापावं लागेल, आणि शेवटी आतडंच उरणार नाही.

मी स्कॅनच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत आणि तुमच्या भावाच्या पोटावर हात ठेवलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून आहे. गळू नेमकं कुठे आहे, सुईला तिथपर्यंत सुरक्षित वाट आहे का, आतड्याचे आणखी भाग अरुंद आहेत का, यावर तपशील बदलतील. विचार करण्याची पद्धत मात्र फारशी बदलणार नाही.

तुम्ही विचारलंय, ‘ऑपरेशन की इंजेक्शन?’ माझ्या मते या घडीला खरा प्रश्न हा नाहीच. ऑपरेशन बहुधा लागणारच आहे. प्रश्न आहे, तो टेबलवर कोणत्या अवस्थेत जाणार याचा.

आधी पोटात काय झालंय ते बघू. क्रोन्सची सूज आतड्याच्या नुसत्या आतल्या अस्तरात राहत नाही, भिंतीच्या पूर्ण जाडीत जाते. सूज पुन्हा पुन्हा येत राहिली की भिंतीत व्रणाचा कडक धागा तयार होतो आणि नळी अरुंद होते. सुजेमुळे आलेली अरुंदी औषधाने कमी होते. व्रणामुळे आलेली औषधाने सुटत नाही. बहुतेक रुग्णांत दोन्ही मिसळलेलं असतं, पण मागचं आतडं फुगलेलं दिसतंय म्हणजे अडथळा नवा नाही. अडथळ्याच्या मागे दाब वाढतो, तिथला खोल अल्सर भिंतीच्या आरपार जातो. बाहेर पडलेली घाण शरीराने कोंडून धरली तर गळू होतं. ती शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात किंवा त्वचेवर फुटली तर फिस्टुला होतो. म्हणून अरुंदी आणि गळू हे दोन वेगळे आजार समजू नका. पू काढला आणि अरुंदी तशीच राहिली तर गळू पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

तरीही उद्याच पोट उघडायला मी का राजी नाही?

रोगट भाग काढल्यावर दोन टोकं जोडावी लागतात, आणि ऑपरेशनचं सगळं यश त्या जोडावर असतं. जोड सुटला तर पोटात मैला पसरतो, दुसरं ऑपरेशन, आयसीयू, कधी कधी जीवावर बेततं. क्रोन्समध्ये जोड सुटण्याची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी आम्हाला चांगल्या माहीत आहेत: पोटात पू असणं, जास्त डोसचं आणि लांबलेलं स्टिरॉइड, अल्ब्युमिन ३ च्या खाली, आणि गेल्या काही महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं. तुमच्या भावाकडे चारही आहेत. वजन तर २१ टक्क्यांनी उतरलंय. अशा पोटात टाका घालणं म्हणजे ओल्या टिश्यू पेपरला शिवण घालणं. अनुभवी सर्जन अशा वेळी जोड करतच नाही, आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढतो. तीच ती पिशवी.

म्हणजे तुमच्या घरातली पहिली भीती आणि ‘सहा आठवडे थांबा’ हा सल्ला, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत. पिशवी लागणार की नाही याचा निकाल बराचसा ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यांत लागतो. उद्या ऑपरेशन केलं तर ती लागण्याची शक्यता खूप जास्त. तयारी करून केलं तर बऱ्याच जणांत सरळ जोड करता येतो. हमी कोणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

थांबायचं नाही अशा परिस्थितीही सांगून ठेवतो. पोट लाकडासारखं कडक झालं, आतडं उघडं फुटून घाण सगळीकडे पसरली, अडथळा पूर्ण झाला आणि नाकातली नळी व सलाईन देऊनही सुटेना, गळूपर्यंत सुई पोचत नाही आणि ताप-नाडी-रक्तदाब बिघडत चाललेत, किंवा रक्तस्राव थांबत नाही, तर त्याच दिवशी ऑपरेशन. तेव्हा पिशवी लागली तर लागली. जवळचे सर्जन घाई करतायत त्यामागे यातलं काही त्यांना दिसत असेल, तर ते त्यांना सरळ विचारा. कागदावरून मला ते दिसत नाही.

आता थांबायचं म्हणजे काय करायचं. घरी नेऊन वाट बघणं नव्हे.

पहिलं काम पू. सोनोग्राफी किंवा सिटीच्या मार्गदर्शनाखाली इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट त्वचेतून बारीक नळी गळूत सोडतात. भूल जागेपुरती. पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला जातो, अँटिबायोटिक त्याप्रमाणे बदलतं. काही दिवसांनी नळीतून पिवळट-हिरवं, आतड्यातलं पाणी येऊ लागलं तर घाबरू नका. आतडं आणि गळू यांची वाट उघडी आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि ते ऑपरेशनमध्ये सुटणारच आहे. नळी टाकण्याची सोय जवळ असेल तर ती तिथेच आधी करून घ्या. तापाने फणफणलेल्या माणसाला आठ तास गाडीत घालून मोठ्या शहरात नेण्यापेक्षा नळी टाकून, दोन दिवस स्थिर करून नेलेला बरा.

दुसरं, आणि लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते, पोषण. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की डिंकाचे लाडू, सुकामेवा, बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं सुरू होतात. अरुंद आतड्यात हेच अडकतं आणि रात्री अडीचला रुग्ण उलट्या करत कॅज्युअल्टीत येतो. साल, बिया, चोथा, कच्ची कोशिंबीर, संत्र्याच्या फोडी, मक्याचे दाणे, शेंगदाणे सध्या पूर्ण बंद. मऊ भात, गाळलेलं वरण, दही, ताक, अंडी, पनीर, पिकलेलं केळं, उकडून कुस्करलेला बटाटा चालतं. पण एवढ्याने १३ किलोची तूट भरून निघत नाही. म्हणून काही आठवडे पूर्ण पोषण देणारं द्रव फॉर्म्युला हेच मुख्य अन्न ठेवायचं, प्यायला जमत नसेल तर नाकातल्या बारीक नळीने. क्रोन्समध्ये चार ते सहा आठवडे फक्त असं अन्न दिलं तर सूजही उतरते आणि काहींचं स्टिरॉइड कमी करायला मदत होते. चव कंटाळवाणी असते, तिसऱ्या दिवशी भाऊ वैतागेल, हे आधीच गृहीत धरा. आतड्यातून काहीच उतरत नसेल तर शिरेतून पोषण द्यावं लागतं, पण तो दुसरा पर्याय.

एक सावधगिरी. इतका उपाशी राहिलेला माणूस एकदम भरपूर कॅलरी मिळाल्या की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरून गंभीर होऊ शकतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, रक्त तपासत, हळूहळू वाढवायचं. हे आहारतज्ज्ञाचं काम आहे, शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं नाही.

तिसरं, स्टिरॉइड. हळूहळू उतरवायचं, २० मिलिग्रॅमच्या खाली आणि जमल्यास त्याहून बरंच कमी. अचानक कधीही बंद करायचं नाही, पाच महिन्यांत शरीराची स्वतःची स्टिरॉइडची निर्मिती मंदावलेली असते. ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञांना हा इतिहास आठवणीने सांगा. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह शिरेतून द्या, गोळ्या या आतड्याला सोसत नाहीत. सिगारेट-बिडी असेल तर आजपासून बंद, क्रोन्स परत येण्याशी तिचा थेट संबंध आहे. आणि या आजारात शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो. म्हणून दवाखान्यात असताना, आणि ऑपरेशननंतर बऱ्याचदा चार आठवडे, हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन देतात. ते दिलंय का, विचारा.

म्हणजे क्रम असा: नळी आणि अँटिबायोटिक, मग पोषण आणि स्टिरॉइड कमी करणं, मग पुन्हा स्कॅन, मग ऑपरेशन. सहा आठवडे हा आकडा पवित्र नाही. वजन वाढू लागलं, अल्ब्युमिन आणि सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) सुधारले, गळू सुकलं, तर चौथ्या आठवड्यातही चालतं. नाही सुधारले तर आठ लागतील. या काळात १०१ च्या वर ताप, उलट्या आणि गॅससुद्धा पास न होणं, नळी अचानक कोरडी पडणं किंवा तिच्यातून रक्त येणं, उजवा पाय सरळ करताना कंबरेपासून दुखणं, यातलं काहीही झालं तर कॅलेंडर न बघता दवाखाना गाठायचा.

पोटविकारतज्ज्ञांचं काय? ते चूक नाहीत, फक्त त्यांच्या औषधाची वेळ मला थोडी पुढे दिसते. कोंडलेला पू असताना प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन देणं धोक्याचं. पू गेल्यावर काही निवडक रुग्णांत, जिथे अरुंदी नाही आणि फिस्टुला छोटा आहे, इंजेक्शनवर भागतंही. पण व्रणाने आवळलेला १५ सेंटीमीटर भाग आणि मागे फुगलेलं आतडं, या जोडीत मी त्यावर फार भरवसा ठेवणार नाही. फुग्याने ताणून अरुंदी उघडण्याचा उपायही आहे, पण तो साधारण ५ सेंटीमीटरपर्यंतच्या, सरळ आणि गळू-फिस्टुला नसलेल्या भागासाठी.

इथे एक अभ्यास मुद्दाम सांगतो, कारण ‘ऑपरेशन म्हणजे औषधांचा पराभव’ ही समजूत डॉक्टरांमध्येही आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या, ४० सेंटीमीटरपेक्षा कमी भागात क्रोन्स असलेल्या रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं: काहींचं दुर्बिणीतून ऑपरेशन, काहींना इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन. २०१७ मध्ये छापलेल्या निकालात एका वर्षानंतर दोन्ही गटांच्या जगण्याचा दर्जा जवळपास सारखाच होता. सुमारे पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब गटातल्या ४८ टक्के लोकांचं ऑपरेशन झालेलं होतं. ऑपरेशन गटात दुसऱ्यांदा आतडं काढण्याची वेळ एकावरही आली नव्हती, आणि २६ टक्क्यांना पुढे अशा जातीचं इंजेक्शन सुरू करावं लागलं. ते रुग्ण गळू किंवा मोठी अरुंदी नसलेले होते, म्हणजे तुमच्या भावापेक्षा सौम्य. त्यांच्यातही ऑपरेशन हा बरोबरीचा पर्याय ठरला.

आता दुसरी आणि तिसरी भीती. किती कापणार, आणि मग उरणार काय?

कॅन्सरमध्ये चहूबाजूंनी निरोगी भाग घेऊन कापतात. क्रोन्समध्येही पूर्वी तसं करत, रोग मुळापासून जाईल या आशेने. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या चाचणीत काही रुग्णांत रोगापासून २ सेंटीमीटर अंतरावर कापलं, काहींत १२ सेंटीमीटरवर. १९९६ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की रोग परत येण्यात फरक नाही. तेव्हापासून नियम साधा आहे: डोळ्याला आणि हाताला जेवढं रोगट लागतं तेवढंच काढायचं. गळूशेजारी मोठं आतडं चिकटलेलं असेल तर ते बहुतेक वेळा निर्दोष असतं. ते सोडवून त्याचं भोक शिवायचं, मोठ्या आतड्याचा तुकडा काढायची गरज सहसा पडत नाही.

आणि आतड्यात अनेक ठिकाणी अरुंदी असेल तर काही ठिकाणी काहीच काढायचं नाही. अरुंद भाग लांबीत चिरायचा आणि आडवा शिवायचा, नळी रुंद होते, एक सेंटीमीटरही जात नाही. याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात. ही पद्धत क्रोन्ससाठी ऑक्सफर्डच्या ली यांनी १९८२ मध्ये मांडली, पण त्याआधी १९७७ मध्ये आपल्याकडच्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी ती आतड्याच्या टीबीच्या अरुंदीसाठी छापली होती. ज्या टीबीमुळे आपल्या रुग्णांचं क्रोन्सचं निदान उशिरा होतं, त्याच टीबीने क्रोन्सला हे ऑपरेशन दिलं. असो. तुमच्या भावाच्या त्या १५ सेंटीमीटरमध्ये गळू आणि छिद्र आहे, तिथे हे चालणार नाही, तो भाग काढावाच लागेल. दुसरीकडे अरुंदी सापडली तर मात्र उपयोगी.

हिशोब करू. लहान आतडं माणसागणिक कमी-जास्त असतं, पण कित्येक मीटर लांब. त्यातलं २० ते २५ सेंटीमीटर आणि मोठ्या आतड्याची सुरुवात, एवढं बहुधा जाईल. खरी टंचाई उरलेलं लहान आतडं २ मीटरच्या खाली गेलं की सुरू होते. पहिल्या, बेतशीर ऑपरेशनमध्ये माणूस त्याच्या जवळपासही जात नाही. जातो तो घाईच्या, पू भरलेल्या पोटातल्या पुनःपुन्हाच्या ऑपरेशनांनी. शेवटच्या भागाची दोन खास कामं मात्र आहेत. बी-१२ तिथेच शोषलं जातं, म्हणून २० सेंटीमीटरहून जास्त गेलं तर पातळी तपासत राहायची, ६० हून जास्त गेलं तर इंजेक्शन जवळपास कायमचंच. शाकाहारी असाल तर आधीच तपासून घ्या. दुसरं, पित्ताचे क्षार तिथे परत घेतले जातात, ते सुटले की पातळ जुलाब होतात. तो क्रोन्स परत आल्याचा पुरावा नव्हे, कोलेस्टिरामाइनच्या पुडीने बऱ्याच जणांत आटोक्यात येतो.

इतकं करूनही पिशवी लागली तर? बहुतेक वेळा ती तात्पुरती असते, साधारण तीन महिन्यांनी आतडं परत जोडता येतं. ऑपरेशनआधी स्टोमा नर्सकडून (पिशवीची काळजी शिकवणारी नर्स) पोटावर जागा मार्क करून घ्या, बसल्यावर जिथे घडी पडते आणि पॅन्टचा पट्टा येतो ती जागा टाळून. त्यातून पाणी आणि मीठ जातं, म्हणून नुसतं साधं पाणी न पिता ओआरएस. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवी असलेल्यांची संस्था आहे, तिथे हे सगळं स्वतः भोगलेली माणसं भेटतात. त्यांच्याशी अर्धा तास बोलणं माझ्या तीन सल्ल्यांच्या बरोबरीचं आहे. टेबलवर पोट उघडल्यावर मला जोडाबद्दल शंका आली तर मी पिशवी काढतो आणि त्याबद्दल नातेवाइकांशी वाद घालत नाही.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातोच, पण तुमच्या बाबतीत त्याचा भाग टीबीच्या कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठीही (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पाठवायला सांगा. आतड्याच्या छोट्या बायोप्सीत टीबी अनेकदा सुटतो, पूर्ण तुकड्यात निकाल जास्त भरवशाचा मिळतो. पुढे बायोलॉजिक सुरू करायचं तर ही खातरी हवीच, शिवाय सुप्त टीबीची तपासणी आणि छातीचा फोटोही.

आता ‘परत परत’चा प्रश्न. क्रोन्स ऑपरेशनने बरा होत नाही, ऑपरेशनने त्याची गुंतागुंत निस्तरते. बेल्जियममधल्या रुटगर्ट्स यांनी १९९० मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर वर्षभरात सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या जोडाजवळ दुर्बिणीला नवे अल्सर दिसतात, त्रास मात्र २० टक्क्यांनाच असतो. याचा अर्थ ‘बरं वाटतंय’ यावर विसंबायचं नाही. सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी करायची, एकही तक्रार नसली तरी. आणि ज्यांचा रोग भिंत फोडून बाहेर गेला होता त्यांचा धोका जास्त, म्हणून जखम भरली की काही आठवड्यांत बायोलॉजिक सुरू करायच्या बाजूने मी आहे. इथे तुमच्या पोटविकारतज्ज्ञांचं म्हणणं पूर्ण लागू होतं.

हे सगळं क्रोन्सबद्दल. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वाचक हे स्वतःला लावू नका. तिथे रोग मोठ्या आतड्यापुरता असतो, ते पूर्ण काढलं की आतड्याचा आजार संपतो, आणि तीव्र झटक्यात निर्णय आठवड्यांत नाही, दिवसांत घ्यावा लागतो.

शहर निवडताना इमारत बघू नका. एकाच छपराखाली पोटविकारतज्ज्ञ, नळी टाकणारा रेडिओलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ, आयसीयू आणि क्रोन्सची ऑपरेशनं नियमित करणारा सर्जन आहे का, आणि ते एकमेकांशी बोलतात का, एवढं बघा. दुर्बिणीतून होईल का हेही विचारा. जमलं तर उत्तम, पण चिकटलेल्या पोटात मध्येच मोठा छेद घ्यावा लागला तर तो सर्जनचा शहाणपणा समजा.

सुट्टी होताना ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. किती सेंटीमीटर काढलं, किती उरलं, जोड कुठे आणि कसा केला, आणखी कुठे रोग दिसला, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तिथेच लिहून मागा. दहा वर्षांनी त्याला दुसऱ्या गावात पोट दुखलं तर तिथल्या सर्जनला पहिल्यांदा तोच कागद लागेल.